लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांमधील स्थूलता

लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीतील चालकांमध्ये इतर कामगारांपेक्षा बरीच अधिक आढळणारी स्थूलता व तिच्यातून उद्भवणारे विकार हा व्यवसायजन्य आरोग्याचा विषय आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०१० मध्ये ३२ ट्रक थांब्यांवर १,६७० चालकांची पाहणी केली. देशातील नोकरदार प्रौढांमध्ये स्थूलतेचे प्रमाण ३१ टक्के असताना या चालकांमध्ये ते ६९ टक्के भरले. धूम्रपान करणारेही निम्म्याहून अधिक होते.

हे प्रमाण केवळ खादाडपणाने वा आळसाने समजावून सांगता येत नाही. त्याची मुळे कामाच्या रचनेत आहेत. अमेरिकेत मोबदला बहुधा मैलावर ठरतो, त्यामुळे माल चढवण्या-उतरवण्यासाठी गोदामाबाहेर ताटकळण्याचे पैसे पुष्कळदा मिळत नाहीत आणि तो वेळ पुढे जेवण, चालणे व झोप यांतून वसूल केला जातो. सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या मर्यादेत ११ तास गाडी चालवण्यास नियमाने मुभा आहे. पण ही विश्रांती रोज एकाच वेळी येत नाही, आणि अपुऱ्या, अवेळी झोपेने भूक नियंत्रित करणाऱ्या संप्रेरकांचा तोल ढळतो. ५३ फुटी ट्रेलर घेऊन गावातल्या बाजारात शिरणे अशक्यप्राय असल्याने महामार्गालगत जे तळलेले, गोड व झटपट मिळते, तेच पोटात जाते.

मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार यांखेरीज निद्राश्वासरोध हा या व्यवसायातील विशेष धोका होय. मानेभोवती साठलेल्या चरबीमुळे झोपेत श्वसनमार्ग वारंवार बंद होतो, रात्रभर पडून राहूनही झोप पुरी होत नाही आणि दिवसा सुकाणूवर डुलकी लागते. म्हणजे हा विकार रस्त्यावरील इतरांनाही भोवतो. तरीही अमेरिकेत त्याच्या सक्तीच्या तपासणीसाठी २०१६ मध्ये सुरू झालेली नियमनिर्मिती २०१७ मध्ये मागे घेण्यात आली. चालकांना जास्तीत जास्त दोन वर्षांचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळते. रक्तदाब वाढलेला असल्यास मुदत घटते. परीक्षा शरीराची होते, वेळापत्रकाची होत नाही, हा या व्यवस्थेतील उघड दोष आहे.

अमेरिकी पाहणीचा निकष भारतीय चालकांना जसाच्या तसा लावता येत नाही. तेथे देहवस्तुमान निर्देशांक (बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ३० पासून स्थूलता मानतात. भारतीयांमध्ये पोटाभोवतीची चरबी व मधुमेह कमी वजनालाच दिसू लागत असल्याने भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ही मर्यादा २५ सुचवली.