मेंटॉर आणि स्पॉन्सर: सही कोणाची?

वरुडकडच्या एका पोरानं डेबियनसाठी, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स प्रणालीसाठी, देवनागरी फॉन्टचं पॅकेज (संगणकावर बसवता येईल असा गठ्ठा) बांधलं. महिनाभर रात्री फोनवर मी त्याला शिकवत होतो. काम उरकल्यावर त्याचा मेसेज आला, "भाऊ, तुम्ही तं सगळं पाहेल आहे, मंग डेबियनमध्ये टाकून द्या ना." मी नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं. असाच घोळ दर दोन महिन्यांनी कोणी ना कोणी घालतं, म्हणून एकदा नीट मांडतो.

पैसे देणारा स्पॉन्सर इथे बाजूला ठेवा. कबड्डीच्या बॅनरवर ज्याचा फोटो असतो तो, किंवा गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळानं २०१९ पासून ज्याची सोय केली तो, वेगळा. मेंटॉर कोण हे सांगायला नको. तो शिकवतो, चुका दाखवतो, धीर देतो. त्याच्या सांगण्यावरून डेबियनच्या साठ्यात काहीच शिरत नाही.

शिरतं ते स्पॉन्सरच्या सहीनं. ज्याला अपलोडचा हक्क नाही त्याचं पॅकेज माझ्यासारखा, हक्क असलेला डेबियन डेव्हलपर स्वतःच्या जीपीजी चावीनं (डिजिटल सहीच्या गुप्त चावीनं) सही करून पाठवतो. बदल करणारा म्हणून नाव पोराचंच राहतं, पण सर्व्हर तपासतो ती सही माझी. आणि पॅकेज बसवताना त्यातल्या स्क्रिप्ट लोकांच्या संगणकावर रूटच्या, म्हणजे सगळं काही करू शकणाऱ्या, हक्कानं चालतात. सोसायटीच्या कर्जाचा अर्ज भरून देणारा आणि त्याच कर्जाला जामीन राहणारा, यांतला फरक गावात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इथंही तोच आहे.

मेंटॉर पाहतो ते पोरानं दाखवलेलं. स्पॉन्सरला न दाखवलेलंही पाहावं लागतं. म्हणून मी सोर्स (मूळ कोड) नव्यानं उतरवतो, कोऱ्या, वेगळ्या ठेवलेल्या प्रणालीत बांधतो, मूळ प्रकल्पाच्या टारबॉलशी (त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कोडच्या गठ्ठ्याशी) ताडून पाहतो आणि परवान्याची फाइल ओळीओळीनं वाचतो. "लिंटियन (पॅकेज आपोआप तपासणारं साधन) एकही चूक दाखवत नाही" हे मला सांगू नका. लिंटियन मांडणी तपासतं, माणसाचा हेतू नाही.

मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता, आणि त्याला जागं करणारी ओळ गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या नोंदीत, नव्हतीच, फक्त टारबॉलमध्ये होती. आमच्याकडं संत्र्याचं कलम घेताना पानं हिरवीगार दिसतात, पण खुंट जंबेरीचा की आणखी कशाचा, हे वरून कळत नाही. तसंच हे. प्रकरण उघडं पडायच्या काही दिवस आधी एक अनोळखी माणूस ५.६.१ डेबियनमध्ये जावी म्हणून स्पॉन्सर मागत होता. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएचनं दुसऱ्या संगणकावर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून ते सापडलं.

जावाच्या ओपनजेडीके प्रकल्पातही कमिट हक्क (कोडमध्ये बदल घालायचा हक्क) नसलेल्याचा बदल तो हक्क असलेला कमिटर स्पॉन्सर करतो, तेव्हाच तो आत जातो. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत स्पॉन्सर एका पॅकेजपेक्षा माणसालाच पॅकेजरांच्या गटात घेतो, म्हणजे जामीन आणखी मोठा.

एकच माणूस दोन्ही होऊ शकतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. माझा नियम पक्का आहे: ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी सही नाही. जे पॅकेज मी स्वतः वापरत नाही, त्यालाही नाही. आणि चुका स्वतःच गुपचूप दुरुस्त करून अपलोड करणाऱ्या स्पॉन्सरचा मला मनापासून राग आहे, कारण त्यात पोर शिकत नाही आणि तपासणीही दुसऱ्या डोळ्यांनी होत नाही.

त्या पोराचं पॅकेज मी आठवड्यानं, अनोळखी माणसाचं असावं तसं उघडलं. पॅकेज बांधणाऱ्या एका स्क्रिप्टचा परवाना फॉन्टपेक्षा वेगळा होता, आणि परवान्याच्या फाइलमध्ये त्याची नोंदच नव्हती. महिनाभर शिकवताना ती माझ्याही नजरेतून सुटली होती. परत पाठवलं. दोन दिवसांत त्यानं दुरुस्त करून दिलं, मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं आणि मग सही केली. सध्या ते नव्या पॅकेजांच्या रांगेत आहे.