गॅदरिंगचं नाटक ते युवा महोत्सवाची एकांकिका: सोलापूरच्या कॉलेज रंगभूमीची पार्श्वभूमी

सोलापूरला रेल्वे आली 1860 साली, पहिली कापड गिरणी निघाली 1877 साली आणि पहिलं कॉलेज, म्हणजे दयानंद, सुरू व्हायला 1940 साल उजाडावं लागलं. इथल्या विद्यार्थी रंगभूमीचा स्वभाव या तीन सालांवरून बराचसा कळतो. रेल्वेमुळे नाटक मंडळ्या बाडबिस्तऱ्यासकट गावात उतरत होत्या. गिरण्यांमुळे तिकीट काढून रात्र जागवणारा प्रेक्षक होता. पण पुण्या-मुंबईत ज्याला कॉलेजचं नाटक म्हणत, ते करायला गावात कॉलेजची पोरंच नव्हती. मॅट्रिक झालेला हुशार मुलगा पुणं गाठायचा आणि नाटकाची खाज असेल तर तीही तिथेच भागवायचा.

पुण्यात तोवर बरंच काही होऊन गेलं होतं. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं 'ऑथेल्लो'चं भाषांतर 1867 चं. परशुरामपंततात्या गोडबोल्यांनी त्याआधीच संस्कृत नाटकं मराठीत आणायला सुरुवात केली होती. 1879 मध्ये आर्योद्धारक नाटक मंडळी निघाली ती शिकल्यासवरलेल्या मंडळींची. शेक्सपिअर आणि संस्कृत नाटक एकाच तालीमखोलीत आणण्याचा त्यांचा खटाटोप फार दिवस टिकला नाही, पण त्यातल्या गोविंद बल्लाळ देवलांनी पुढे 'झुंझारराव' आणि 'शारदा' लिहिलं. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं. त्या रात्री सातपैकी पहिले चारच अंक झाले होते. अभिजात नाटक सबंध करावं लागतं, अर्धवट केलं तर पाप लागतं, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

सोलापुरात हे सगळं पोचलं ते शाळांच्या वाटेने. हरिभाई देवकरण, नॉर्थकोट या जुन्या शाळांत नाटक म्हणजे शिक्षकांचा कारभार. मराठीचे सर प्रवेश निवडणार, चित्रकलेचे सर पडदा रंगवणार, आणि ज्याचं पाठांतर चांगलं त्यालाच मुख्य काम मिळणार. शालेय नाटकाला हसण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण हरिभाई देवकरणच्याच विद्यार्थ्यांत जब्बार पटेल आणि अतुल कुलकर्णी ही दोन नावं निघतात, हे त्या हसण्याला पुरेसं उत्तर आहे.

1940 नंतर दयानंद आणि 1953 नंतर संगमेश्वर, अशी दोन मोठी कॉलेजं झाली आणि गॅदरिंग नावाचा सण सुरू झाला. गॅदरिंगचं नाटक तीन अंकीच असायचं. एकांकिका ही त्या काळात 'किरकोळ कार्यक्रमा'त मोडायची, फिशपाँडच्या मागेपुढे कुठेतरी. नाटक कुठलं करायचं हे मात्र साहित्याच्या अभिरुचीवर क्वचितच ठरे. मुली नाटकात काम करणार का, प्राचार्य काय म्हणतील आणि कपडेपट भाड्याने किती पडेल, या तीन प्रश्नांतून जे निसटेल ते नाटक. आचार्य अत्र्यांचं 'मोरूची मावशी' कॉलेजांना लाभलं ते म्हणूनच. पुरुषाने लुगडं नेसायचं हीच तिथली गंमत, त्यामुळे मुलींची अडचण अर्धी सुटते. पु. ल. देशपांड्यांचं 'तुझे आहे तुजपाशी' 1957 मध्ये आलं आणि कॉलेजांना काकाजी सापडले. 'रायगडाला जेव्हा जाग येते' 1962 चं. ते करायला दाढीमिश्या, जिरेटोप, अंगरखे हे सगळं भाड्याने आणावं लागे, आणि संभाजीचा अंगरखा नेमका सगळ्यात किडकिडीत मुलाच्या वाट्याला येई.

या तीन अंकी नाटकाचा एक मोठा फायदा होता, जो आज कोणी फारसा बोलत नाही. ते बसवायला दोन-अडीच महिने लागायचे. पंधरा-वीस मुलं रोज संध्याकाळी रिकाम्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून तालीम करायची. ज्याला वाक्यं नसत तो प्रॉम्प्टिंगला बसे. प्रॉम्प्टरला सबंध नाटक पाठ होतं, आणि पुढच्या वर्षी तोच दिग्दर्शनाला मदत करायला उभा राहतो. नाटकाची रचना कळण्याचा यापेक्षा स्वस्त वर्ग दुसरा नाही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी पडदा नेमका का पडतो, हे प्रॉम्प्टरइतकं कोणाला कळत नसेल. तोटाही सांगायला हवा. एवढ्या खटपटीचा प्रयोग एकच. तिसरी घंटा, तीन-चार तास, टाळ्या, संपलं. दुसरा प्रयोग करून चुका सुधारायची सोयच नव्हती.

हे चित्र बदललं ते साठच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि बदलायला कारण झाली स्पर्धा. महाराष्ट्र झाल्यावर 1961 पासून राज्य नाट्य स्पर्धेचा आजचा क्रम मोजला जातो. 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं आणि सोलापूरची कॉलेजं पुणे विद्यापीठातून निघून त्याला जोडली गेली. 1963 मध्ये पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकने पुरुषोत्तम करंडक सुरू केला. ती महाविद्यालयीन मुलांची स्पर्धा, तासाभराच्या आतली एकांकिका, आणि 'अरे आवाज कुणाचा' अशी आरोळी. आधी मराठी एकांकिकेला लेखक होते पण कायमचा रंगमंच नव्हता. तो स्पर्धांनी दिला. मात्र त्याबरोबर घड्याळही दिलं.

सोलापूरकरांसाठी घड्याळाइतकीच दुसरी अडचण होती अंतराची. कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटर, पुणं अडीचशे. विद्यापीठाचा मध्यवर्ती युवा महोत्सव बहुधा दुसऱ्याच जिल्ह्यात. एसटीने किंवा पॅसेंजरने बारा-पंधरा पोरं निघणार, तर नेपथ्य काय नेणार? लाकडी चौकटीवर कापड ताणून रंगवलेले फ्लॅट टपावर चढत नाहीत, चढले तर उतरेपर्यंत फाटतात. मग एक मोठी ट्रंक, दोन घडीच्या खुर्च्या, चादरी (त्यांची सोलापुरात कधी वाण नव्हती) आणि बाकीचं तिथलं. 'लेव्हल (रंगमंचावर उंची करायचे लाकडी चौथरे) तिथे मिळतील ना?' हा प्रश्न पत्रातून आधीच विचारला जायचा. पोचल्यावर लेव्हल मिळत, पण मागितलेल्या उंचीच्या नाही, आणि सगळ्या मूव्हमेंट संध्याकाळी पुन्हा बसवाव्या लागत. बाहेरून येणाऱ्या संघाचं नाटक त्यामुळे आपोआप मोकळ्या रंगमंचाकडे झुकलं. समीक्षक याला प्रयोगशीलता म्हणतील, म्हणू देत. त्यातली निम्मी तरी एसटीच्या टपाची कृपा होती, असं माझं मत आहे.

नशिबाने मराठी नाटकही त्याच सुमारास त्याच दिशेला चाललं होतं. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 मध्ये रंगमंचावर आलं. ते घडतं एका गावातल्या रिकाम्या हॉलमध्ये आणि त्यातली पात्रं म्हणजे प्रयोगासाठी आलेला एक हौशी संघच. हॉल, खुर्च्या, टेबल, कडी अडकलेलं दार, झालं नेपथ्य. कॉलेजच्या सभागृहात हे नाटक घातलं की दिवाणखाना कुठून आणायचा ही चिंताच राहत नाही. त्यातल्या नायिकेचं, बेणारेबाईंचं, शेवटचं स्वगत मात्र वीस वर्षांच्या मुलीला पेलावं लागतं. ते पेललं नाही की बाकी सगळं नीट होऊनही नाटक पडतं, आणि कित्येक ठिकाणी पडलं असणार.

मग 'घाशीराम कोतवाल'. पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972, पुण्यात, पीडीए म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेचा. दिग्दर्शक जब्बार पटेल, पंढरपुरात जन्मलेले, सोलापुरात वाढलेले, पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये डॉक्टरकी शिकताना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत तयार झालेले. त्या नाटकात ब्राह्मणांची एक रांगच पडदा होते, भिंत होते, वाडा होते. माणसांचा पडदा करता येतो हे एकदा दिसल्यावर पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रत्येक कॉलेजच्या एकांकिकेत पोरं दार झाली, झाड झाली, रेल्वेचा डबा झाली. नक्कल पुष्कळ झाली आणि कंटाळाही आला. पण लांबून प्रवास करून जाणाऱ्या संघाला याहून हलकं नेपथ्य मिळणं शक्य नव्हतं.

संहितांचीही चंगळ झाली. महेश एलकुंचवारांची 'होळी' तर कॉलेजच्या होस्टेलवरच घडते. त्यातली भाषा गॅदरिंगला चालणारी नव्हती, स्पर्धेला चालली. प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' दोन पात्रांत अस्पृश्यतेचा प्रश्न उभा करते. दोन पात्रं म्हणजे प्रवासखर्चही दोघांचा, आणि हा हिशेब कॉलेजच्या कार्यालयात समाजप्रबोधनापेक्षा लवकर पटायचा. बंगाली नाटककार बादल सरकारांच्या नाटकांमुळे रंगमंच सोडून अंगणात, चौकात उतरता आलं. कन्नडमधून गिरीश कार्नाडांची 'तुघलक', 'हयवदन' आली. सोलापूरच्या वर्गात मराठीच्या शेजारी कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुलं बसलेली असतात, त्यांच्यातल्या कोणाला मूळ नाटक वाचता यायचं, हा फायदा पुण्याच्या मुलांना नव्हता.

याच मिश्रणाची दुसरी बाजू फार काळ त्रासाची ठरली. 'काय करूलालास बे?' असं सहज बोलणाऱ्या मुलाला रंगमंचावर चढताना शुद्ध मराठी बोलायची सक्ती असे. सदाशिव पेठेतला प्राध्यापक करायचा तर ठीकच, पण हमाल आणि गिरणी कामगारही त्याच स्वच्छ सुरात बोलायचा. परीक्षक 'ण' आणि 'न' ऐकून गुण कापत. पोरं नाटकापेक्षा उच्चारांची तालीम जास्त करत. पुढे बोलीतल्या एकांकिकांना बक्षिसं मिळू लागली तेव्हा हेच पारडं उलटं फिरलं. आता काही वेळा बोली इतकी भडक वापरली जाते की ऐकणाऱ्या सोलापूरकरालाच अवघडल्यासारखं होतं. बंद पडलेल्या गिरण्या, विडी कामगार बायका, यंत्रमागाचा खडखडाट हे विषय मात्र या बोलीशिवाय आले नसते, हे मान्य करायला हवं.

कॉलेज संपल्यावर काय, हा प्रश्न प्रत्येक पिढीला पडला. त्याचं उत्तर होतं गावातले हौशी संघ. अतुल कुलकर्णी दयानंदमध्ये इंग्रजी साहित्य शिकत होते, त्या काळात 'नाट्य आराधना' या सोलापूरच्या संघातून राज्य नाट्य स्पर्धेत उतरले, आणि मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. कॉलेज, हौशी संघ, राज्य स्पर्धा ही शिडी अनेकांनी चढली. वरच्या पायरीवरून बहुतेकांना नोकरीने खाली ओढलं हेही खरं. राज्य स्पर्धेमुळे एक गोष्ट टिकली. तिथे दोन अंकी, सबंध नाटक लागतं. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात स्पर्धेच्या दिवसांत नाटक बघायला बसलं की ओळखीचे कॉलेजचे चेहरे दहा-बारा वर्षांनी पोक्त भूमिकांत दिसतात.

2004 मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं, एका जिल्ह्यापुरतं. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने आहे. नाटकाच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा झाला. चार-पाच जिल्ह्यांच्या गर्दीत पूर्वी जे संघ पहिल्याच फेरीत गळत, त्या पंढरपूर, बार्शी, सांगोला, अकलूज, मंगळवेढ्याच्या कॉलेजांना आता थेट विद्यापीठाच्या महोत्सवात रंगमंच मिळतो. शहरातल्या जुन्या कॉलेजांची मक्तेदारी सैल झाली. विद्यापीठाच्या महोत्सवानंतर पश्चिम विभाग, मग राष्ट्रीय पातळी, अशी चढण आहे, त्यामुळे नियमही राष्ट्रीय महोत्सवाचे पाळावे लागतात. एकांकिकेला तीस मिनिटं, रंगमंचावर नऊ कलाकार, साथीला तीन. प्रहसनाला दहा मिनिटं आणि सहा जण. मूकनाट्य पाच मिनिटांत आटपायचं.

तीस मिनिटांत 'वाडा चिरेबंदी' बसत नाही. 'राजा लिअर'ही नाही. परिणामी कॉलेजं छापील नाटकांपासून दूर गेली आणि पोरं स्वतः लिहू लागली. त्यात चांगलं असं की विषय ताजे येतात. वाईट असं की तीच-तीच वळणं दिसतात: आधी दहा मिनिटं हशा, मग ब्लॅकआऊट, मग रडं. पुण्यात 2022 च्या पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत एकही एकांकिका करंडकाला पात्र नाही असं परीक्षकांनी ठरवलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला. निर्णय बरोबर की चूक हे बाजूला ठेवा. पण त्या वादात भाग घेणाऱ्या मुलांपैकी कितींनी एखादं सबंध नाटक हातात धरून बसवलं होतं, हा प्रश्न कोणी विचारला नाही. छापील नाटक घेतलं तर आणखी कटकट असते. लेखकाचं किंवा वारसांचं परवानगीपत्र, मानधन, बऱ्याच स्पर्धांना रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. प्रवेशिकेची तारीख आठवड्यावर आलेली असताना हे कोण करत बसणार?

एक वाट मोकळी आहे आणि तिकडे कोणी फारसं फिरकत नाही. 'शाकुंतला'चा चौथा अंक घ्या. शकुंतला, अनसूया, प्रियंवदा, कण्व, गौतमी, शार्ङ्गरव, शारद्वत, एक शिष्य, एक तापसी: झाले नऊ. शाप देणारा दुर्वास तर कालिदासानेच पडद्यामागे ठेवलेला आहे, त्याला रंगमंचावर जागा लागत नाही. अंक कसून बसवला तर अर्ध्या तासात होतो. नेपथ्य म्हणजे एक वेल, तीही मुलीच्या हातांनी करता येईल. गोडबोल्यांचं भाषांतर केव्हाच हक्कमुक्त झालेलं आहे, त्यामुळे परवानगीपत्राचा रकाना कोरा सोडता येतो. 'स्पर्धेत चालणार नाही' असं म्हणणारे पुष्कळ निघतील. त्यांच्यापैकी कोणी तो करून पाहिला आहे असं मात्र माझ्या ऐकिवात नाही.