जुलूस पुढे ढकलला जातो, त्यामागची चाळीस वर्षं

28 सप्टेंबर 2023 रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. भायखळ्याच्या खिलाफत हाउसपासून निघणारा जुना, मानाचा जुलूस 29 तारखेला काढायचं मुस्लिम संघटनांनी बैठक घेऊन ठरवलं. 2024 मध्येही तसंच झालं. ईद 16 सप्टेंबरला होती, जुलूस विसर्जन उरकल्यावर 18 ला निघाला. बातमीत हे दोन ओळींत संपतं. पण मिरवणुकीच्या वाटेवरून जिथे माणसं मेली आहेत, त्या टापूत एकत्र बसून तारीख ठरवता येणं ही मोठी कमाई आहे. तिचा माग काढायचा तर भिवंडीला जावं लागतं.

भिवंडी म्हणजे यंत्रमाग. मालकांत मुस्लिम आहेत, हिंदू आहेत. मागावर उत्तर प्रदेश, बिहारचे कामगार आणि तेलंगणातून आलेले विणकर. सूत, माग, मजुरी, उधारी या सगळ्यात दोन्ही समाज रोज एकमेकांत गुंतलेले. तरीही मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून इथे दंगल पेटली आणि जळगाव, महाडपर्यंत पोचली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा जळाली, आणि या वेळी आग कल्याण, ठाणे, मुंबईपर्यंत गेली. धंद्यातली ओळख दंगलीत उपयोगी पडत नाही, हे दोनदा दिसलं.

शांतता समित्या तेव्हाही होत्या. सणाच्या आधी पोलीस ठाण्यात बोलावलेली प्रतिष्ठित मंडळी, चहा, आवाहन, फोटो. ज्या गल्लीत दगड उचलला जातो तिथला कुणीच त्या खुर्च्यांवर नसायचा. 1988 मध्ये भिवंडीला आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी नेमकी हीच गोष्ट उलटी केली. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या बांधल्या, सुमारे 70. प्रत्येकीत दोन्ही समाजांची माणसं सारख्या संख्येने, आणि त्यांच्यासोबत त्या भागाचे पोलीस. बैठका तणाव नसतानाही व्हायच्या. विषय अगदी साधे: शेजाऱ्यांची कुरबुर, घरातली भांडणं, गल्लीतल्या तक्रारी. माझ्या मते सगळं मर्म या साधेपणात आहे. भांडण मिटवायला हवालदार येतो, त्याला नावाने हाक मारता येते, आणि समोरच्या गल्लीतला माणूस आपल्या तक्रारीसाठी बोलतो, हे वर्षभर अनुभवलेल्या माणसाला अफवा सहज गिळता येत नाही. निदान खरं काय ते विचारायला त्याच्याकडे कुणीतरी असतं.

6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई डिसेंबरात पेटली, जानेवारीत पुन्हा पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात 900 मृत्यूंची नोंद आहे. भिवंडी मात्र शांत राहिली. तोवर खोपड्यांच्या जागी गुलाबराव पोळ आले होते, आणि त्यांनी समित्या चालू ठेवल्या होत्या. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी पुढे दंगली होणाऱ्या आणि न होणाऱ्या शहरांची तुलना केली, त्यात भिवंडीचा हा प्रयोग आवर्जून येतो.

मुंबईला हे शहाणपण दंगलीनंतर घ्यावं लागलं. 1994 मध्ये माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. काम भिवंडीपेक्षा अवघड होतं. माणसं गमावलेली, घरं जळालेली, पोलिसांवरचा विश्वास उडालेला. कितीतरी मुस्लिम कुटुंबं जुनी वस्ती सोडून मुंब्र्याकडे निघून गेलेली. शेजारच उरला नव्हता, तिथे शेजाऱ्यांना बसवायचं कसं? म्हणून सुरुवात बायकांच्या बैठकांपासून, पोरांच्या क्रिकेटपासून झाली.

धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान ही जोडी या कामात पडली. वकारभाईंचा कपडे शिवण्याचा धंदा. त्यांनी चार मुलांना हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिश्चन वेश घालून फोटो काढला, खाली लिहिलं ‘हम सब एक हैं’, आणि ते पोस्टर गल्लोगल्ली लावलं. आज ते भाबडं वाटेल. पण ज्या भिंतींवर नुकत्याच धमक्या लिहिल्या गेल्या असतील, तिथे ते चिकटवायला धाडस लागतं, आणि ते धारावीच्याच माणसाने केलं म्हणून त्याला वजन होतं.

या कामाची कमजोर बाजूही भिवंडीनेच दाखवली. समित्या चालायच्या त्या बऱ्याच अंशी अधिकाऱ्याच्या जिद्दीवर, आणि अधिकाऱ्याची बदली होतेच. जुलै 2006 मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. गोळीबारात माणसं गेली आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. या वेळी हिंदू-मुस्लिम आमनेसामने नव्हते. जमाव आणि पोलीस होते. गल्ली आणि ठाणं यांच्यातला जो धागा खोपड्यांनी सगळ्यात आधी विणला होता, तोच तुटला होता.