फुटबॉलमधून किशोर-मार्गदर्शन (गोवा)

शाळा कायमची सुटलेल्या, घरात रोज खटके उडणाऱ्या, व्यसनाच्या किंवा पोलीस ठाण्याच्या वाटेला लागलेल्या मुलांना फुटबॉलच्या सरावात गुंतवून एखाद्या जाणत्या माणसाच्या नजरेखाली ठेवण्याची पद्धत. मुले साधारण बारा ते अठरा वर्षांची असतात. गोव्यात या कामाला वेगळे नाव नाही. गावचा कोच ते वर्षानुवर्षे करत असतो आणि लोक त्याच्याविषयी ‘पोरांना खेळवतो’ एवढेच म्हणतात.

गोव्यात हा खेळ मुळात मुलांना शिकवण्याच्या निमित्तानेच आला. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी १८८३ मध्ये शिवोलीत तो रुजवला असे मानले जाते. पुढे चर्चच्या आवारांतून आणि कापणी झालेल्या शेतांतून तो गावोगाव पसरला. पोर्तुगीज राजवटीतच, १९५९ मध्ये, फुटबॉल संघटना स्थापन झाली. २०१२ मध्ये सरकारने फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली. तरी कित्येक वाड्यांवर मैदान अजून शेतातलेच. शरदाचे पीक निघाले की खेळ सुरू होतो, भाताचे खुंट अनवाणी पायांना टोचतात आणि आठवड्याभरात तुडवून सपाट होतात.

मार्गदर्शन म्हणजे उपदेश, अशी समजूत असेल तर ती मैदानावर टिकत नाही. कोचच्या हातातले खरे हत्यार म्हणजे रविवारचा संघ. आठवडाभर सरावाला आलेला मुलगा अकरांत, न आलेला बाहेर, मग तो कितीही चांगला ड्रिबल करत असो. हा नियम संघातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूलाही लागू झाला तरच त्याला वजन राहते, आणि बरेच कोच इथेच कच खातात. समोर अटीतटीचा सामना असला की नियम पुढच्या रविवारवर जातो. पोरे हे बरोबर हेरतात.

दुसरी रीत जुन्या कोचांची. सगळ्यात द्वाड पोराकडे चेंडूंची जाळी सोपवायची. पंपाची सुई थुंकी लावून आत घालायची, अंगठ्याने दाबून हवा पाहायची, सराव संपला की चेंडू मोजून भरायचे. एखादा झाडीत गेला तर अंधार पडेपर्यंत शोधायला त्यानेच जायचे. घरचे ज्याला दुकानात पाठवताना सुटे पैसे मोजून देतात, त्याच्या ताब्यात इथे अख्खी जाळी असते. खेळात कच्चा असलेला पोरगा बहुधा गोलमध्ये ढकलला जातो. गोव्यात मात्र ती जागा कमीपणाची म्हणता येत नाही, कारण ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर तिथेच उभे राहून भारताचे कर्णधार झाले. त्यांना १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

मराठी मुलखाशी जवळचा प्रयोग म्हणून नागपूरकडे बोट दाखवता येते. तिथे विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन असे काम उभे केले. कोलंबियातील मेदेयीन शहरात १९९०च्या दशकात, खेळाडू आंद्रेस एस्कोबार याच्या खुनानंतर, निराळी पद्धत निघाली: सामन्याआधी दोन्ही संघांनी बसून नियम ठरवायचे, पंचाशिवाय खेळायचे, मग पुन्हा बसून एकमेकांच्या वागण्याला गुण द्यायचे. गोव्यातल्या पोरांना पंचाशी भांडल्याशिवाय सामना झाल्यासारखा वाटत नाही, त्यामुळे इथे ती कितपत रुजेल याची शंका येते.

डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यात सेसा या खाण कंपनीची फुटबॉल अकादमी १९९९ पासून आहे. ती निवडक गुणी मुलांसाठी. भरकटलेल्यांचा प्रश्न वेगळा. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, ट्रक दारात उभे राहिले आणि दिवसभर घरी बसलेल्या बापांच्या समोर मुले वाढू लागली. अशा घरातल्या मुलाला संध्याकाळी साडेपाचला जायला एक ठिकाण असणे, हा सरावाचा अर्धा उपयोग.

या कामातली मोठी अडचण रोख बक्षिसांच्या सेव्हन-अ-साइड, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या, स्पर्धांची. दोन वर्षे खपून वळणावर आणलेला मुलगा दुसरा संघ एका रात्रीसाठी पैसे देऊन पळवतो, आणि कोच त्याला कशाच्या बळावर अडवणार? त्याने स्वतः कधी मुलाला दमडी दिलेली नसते.

या विषयावरचे चित्रपट अंतिम सामन्यावर संपतात. शेवटच्या मिनिटाला गोल होतो आणि बिघडलेला मुलगा सुधारतो. प्रत्यक्षात बदल हजेरीच्या वहीत दिसतो, तोही उलटसुलट: तीन आठवडे हजर, एक आठवडा गायब, पुन्हा हजर. त्याचे दृश्य पुरावे फारसे सापडत नाहीत, याला कायदाही कारण आहे. कायदा मोडल्याचा आरोप किंवा दोष असलेल्या मुलासाठी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ही संज्ञा वापरणाऱ्या २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाचे नाव, शाळा, पत्ता किंवा छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मेरशीच्या ‘अपना घर’सारख्या सरकारी निवासातल्या मुलांनाही हेच संरक्षण आहे. अशा मुलांच्या संघाने स्पर्धा जिंकली तर बातमीत चषकाचा फोटो येऊ शकतो, तो उचलणाऱ्यांचा नाही.