दुष्काळातील एल्क व्यवस्थापन आणि शिकार परवाने

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात बर्फाने आणि पावसाने ओढ दिली की एल्क या मोठ्या हरणाचे कळप, त्यांचा चारा-पाणी आणि त्यांच्या शिकारीचे परवाने यांचा मेळ घालावा लागतो. हे काम राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे असते. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो आणि युटा या राज्यांत हा आता अधूनमधून उद्भवणारा प्रश्न राहिलेला नाही. वृक्षांच्या वाढवलयांवरून केलेल्या अभ्यासानुसार २००० ते २०२१ ही २२ वर्षे अमेरिकेच्या नैऋत्य भागात गेल्या किमान १,२०० वर्षांतील सर्वांत कोरडी ठरली. तिथे दुष्काळ जमेस धरूनच कळपांचे नियोजन करावे लागते.

एल्कचे शास्त्रीय नाव सर्व्हस कॅनडेन्सिस. शॉनी लोकांच्या भाषेतले त्याचे नाव वापिटी, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा. ‘एल्क’ या शब्दाने बराच घोळ घातला आहे. युरोपात तो मूस या वेगळ्याच प्राण्याला लावतात, आणि ब्रिटिश अमदानीत श्रीलंकेतले शिकारी चक्क सांबराला एल्क म्हणत. जुन्या शिकारवर्णनांत हा शब्द आला तर प्राणी कोणता, हे आधी तपासावे. आपल्याकडचा त्याचा जवळचा नातलग म्हणजे काश्मीरचा हंगूल. रॉकी पर्वतातला पूर्ण वाढलेला नर ३०० किलोग्रॅमच्या पुढे जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास भरते. नराची फाटेदार शिंगे दरवर्षी गळतात आणि वसंतापासून ऑगस्टपर्यंत नव्याने वाढतात.

युरोपीय वसाहतींपूर्वी या खंडात सुमारे १ कोटी एल्क असावेत असा अंदाज आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते १ लाखाच्याही खाली आले. अ‍ॅरिझोनातली मेरियमचा एल्क ही स्थानिक जात त्याच सुमारास कायमची संपली. आज तिथे दिसणारे कळप १९१३ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून आणून सोडलेल्या ८३ एल्कपासून वाढलेले आहेत. सध्या खंडात १० लाखांच्या आसपास एल्क असून कोलोरॅडोत ते सर्वाधिक, अडीच लाखांहून जास्त आहेत.

ही पुनर्वाढ शिकारीच्या परवान्यांच्या आधाराने झाली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे चटकन पटत नाही. अमेरिकेत वन्य प्राणी ही जनतेची ठेव मानतात आणि राज्य तिचा विश्वस्त असते. एल्क ज्याच्या शेतात उभा असेल त्याच्या मालकीचा होत नाही. बाजारासाठी केलेल्या शिकारीनेच हे प्राणी संपवले होते, म्हणून रानातून मारलेल्या एल्कचे मांस विकता येत नाही. खात्याचा मोठा खर्च परवान्यांच्या शुल्कातून भागतो. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव कामांना मिळतो. दुष्काळात परवाने कमी केले की खात्याचे उत्पन्न घटते, आणि नेमका त्याच वर्षी खर्च वाढलेला असतो. बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला कोलोरॅडोत रहिवाशाच्या दहा पटींहून जास्त शुल्क पडते, त्यामुळे त्याचा एक परवाना कमी झाला तरी तिजोरीला जाणवते.

परवाने मागणीपेक्षा कमी असल्याने बहुतेक ठिकाणी सोडत निघते. कोलोरॅडोत नाव न लागलेल्या वर्षाचा एक प्राधान्य गुण मिळतो आणि ज्याचे गुण जास्त त्याचा नंबर आधी लागतो. अ‍ॅरिझोनात गुण साठले की सोडतीत नावाच्या जादा चिठ्ठ्या पडतात. तिथल्या नावाजलेल्या विभागांत नराच्या परवान्यासाठी लोक वीस-वीस वर्षे थांबतात. एवढ्या प्रतीक्षेनंतर परवाना हाती यावा आणि ते वर्ष दुष्काळाचे निघावे, शिंगे खुरटलेली असावीत, असे अनेकांच्या वाट्याला येते. म्हणून अ‍ॅरिझोनाने थोडे जादा शुल्क भरणाऱ्याला परवाना परत करून गुण राखण्याची सोय दिली आहे. शिकाऱ्याच्या दृष्टीने ही सोय न्याय्य आहे. कळपाच्या भवितव्याशी मात्र शिंगांच्या लांबीचा संबंध फार थोडा.

दुष्काळात एल्क तहानेने तडफडून मरताना क्वचितच दिसतो. घात होतो तो चाऱ्यात, आणि तोही सावकाश. मादीला मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला पाडस होते. पुढचे तीन महिने ती त्याला पाजते आणि त्याच काळात तिला स्वतःच्या अंगावर हिवाळ्याची चरबी चढवायची असते. जुलैतच कुरणे वाळली तर पोट भरते, पण खाल्लेले अंगी लागत नाही. सप्टेंबरात माजाचा हंगाम येतो. तोवर पुरेशी न सावरलेली मादी उशिरा माजावर येते किंवा गाभणच राहत नाही. गर्भकाळ साडेआठ महिन्यांचा असल्याने उशिरा गाभण राहिलेल्या मादीचे पाडसही उशिरा जन्मते आणि बर्फ पडण्याआधी त्याला वाढायला दिवस कमी मिळतात. एका उन्हाळ्याच्या दुष्काळाचा हिशेब असा पुढच्या वर्षीच्या पाडसांत लागतो.

हा हिशेब मांडण्याचे मुख्य माप म्हणजे दर १०० माद्यांमागे किती पाडसे आणि किती नर. हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून गणना करतात, कारण बर्फाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर तपकिरी प्राणी स्पष्ट दिसतात आणि कळप खालच्या दऱ्यांत एकवटलेले असतात. ज्या वर्षी बर्फच पडत नाही त्या वर्षी कळप विखुरलेले राहतात आणि गणनेवरचा भरवसाही कमी होतो. आकडे सर्वांत जास्त लागतात त्याच वर्षी ते कच्चे हाती येतात.

खरा वाद माद्यांच्या परवान्यांवर होतो. एक नर माजाच्या काळात पंधरा-वीस माद्यांचा कळप राखतो, त्यामुळे काही नर मारले गेले तरी पुढच्या वर्षीच्या पाडसांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. मादी मारली की तिची पुढची सगळी पाडसे गेली. दुष्काळात यावर दोन मते समोरासमोर येतात. पहिले मत असे : पाडसे कमी झाली आहेत, तेव्हा माद्यांचे परवाने कमी करा, नाहीतर कळप सावरणार नाही. दुसरे मत असे : चाराच कमी आहे, तेव्हा माद्यांचे परवाने वाढवा, नाहीतर उरलेल्या सगळ्याच उपाशी राहतील आणि कुरणाची मुळेही संपतील. दोन्ही मतांना जीवशास्त्राचा आधार आहे. कळप कुरणाच्या धारणक्षमतेला, म्हणजे ते जितके प्राणी पोसू शकते त्या मर्यादेला, टेकला असेल तर काही माद्या काढल्याने उरलेल्यांच्या अंगावर चरबी चढते आणि पाडसे वाढतात. कळप आधीच क्षमतेच्या बराच खाली असेल, तर शिकारीतले मरण उपासमारीच्या मरणाची जागा घेत नाही, त्यात भर घालते. राज्यभर परवाने सरसकट इतके टक्के कमी किंवा जास्त करणे म्हणूनच चुकीचे आहे. प्रत्येक कळपाचा निर्णय त्याच्या उन्हाळी कुरणाकडे पाहूनच व्हायला हवा.

त्यात वेळापत्रक आडवे येते. कोलोरॅडोत गणना साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत होते, अर्ज एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत घेतात, राज्याचा वन्यजीव आयोग परवान्यांची संख्या मे महिन्यात ठरवतो आणि हंगाम सप्टेंबरपासून चालू होतो. दुष्काळ किती खोल आहे हे जुलैत कळते. तोवर परवाने ठरलेले, वाटलेले आणि लोकांच्या रजा पडलेल्या असतात. परवान्यांतला बदल म्हणजे बहुधा वरातीमागून घोडे. दोष अधिकाऱ्यांच्या आळसाचा नाही. हे हत्यारच एक वर्ष मागे चालणारे आहे. हंगामात लवचीकता उरते ती थोडी : शेतीच्या नुकसानीसाठी ऐनवेळी दिले जाणारे मादीचे परवाने, आणि पुढच्या वर्षीच्या आकड्यांची लवकर सुरू केलेली तयारी.

पाण्याचे काम त्या मानाने लगेच करता येते. अ‍ॅरिझोनात रानात सुमारे ३,००० पाणसाठे आहेत. उतारावर पत्रा किंवा काँक्रीट घालून पावसाचे पाणी टाकीत उतरवायचे आणि ते जमिनीलगतच्या कुंडीत प्राण्यांना पिता यावे, अशी त्यांची रचना असते. तिथेही जुलै ते सप्टेंबर या काळात मान्सून येतो. तो चुकला की खाते टँकरने लाखो गॅलन पाणी वाहते, लोक त्यासाठी देणग्या देतात. ताडोबा-मेळघाटच्या पाणवठ्यांत उन्हाळ्यात टँकर रिते होताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. पण पाण्याभोवती प्राणी एकवटले की दोन गोष्टी होतात. आजूबाजूचा चारा पार खरवडला जातो, आणि जिथे हरणांना ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा मेंदू पोखरणारा असाध्य रोग असतो तिथे तो पसरायला वाव मिळतो. हा विकार प्रथम १९६७ मध्ये कोलोरॅडोत, बंदिस्त हरणांत आढळला.

पाणवठ्यावर प्राणी हमखास येणार, हे शिकाऱ्यालाही कळते. अ‍ॅरिझोनाच्या कायद्याने पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत, प्राण्यांची वाट अडेल असा मुक्काम टाकायला मनाई आहे. एकेका पाणवठ्यावर अनेक स्वयंचलित कॅमेरे बसू लागले, तेव्हा आयोगाने शिकारीसाठी असे कॅमेरे वापरण्यावर जानेवारी २०२२ पासून बंदी घातली. कोरड्या राज्यात पाण्याजवळ प्राण्याला थोडी मोकळीक मिळालीच पाहिजे, आणि ही बंदी माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या सर्वांत चांगल्या नियमांपैकी एक आहे.

चाऱ्याचा कारभार दोन हातांत विभागला आहे. एल्क राज्याचे, पण बरीचशी कुरणे केंद्राच्या वनसेवेकडे किंवा भूव्यवस्थापन खात्याकडे, आणि तिथे गुरे चारण्याचे हक्क पशुपालकांना दिलेले. दुष्काळात केंद्रीय खाते गुरांची संख्या किंवा चराईचे दिवस कमी करते. मग विसाव्याला ठेवलेल्या कुरणात एल्क चरताना दिसले की पशुपालकाचा जीव जळतो, आणि त्याची तक्रार रास्त असते. ओरेगनमधल्या स्टार्की प्रायोगिक वनात १९८९ पासून गुरे, एल्क आणि म्यूल हरिण यांचा एकत्र अभ्यास चालू आहे. उन्हाळा सरताना गवत कमी पडले की गुरे आणि एल्क यांच्या आहाराची ओढाताण वाढते, हे तिथे दिसले.

वायोमिंगमधल्या क्लार्क्स फोर्क कळपाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले उंच डोंगरांत स्थलांतर करणारे एल्क यलोस्टोनच्या परिसरात उन्हाळा काढतात. तिथला हिरवा हंगाम उष्ण आणि कोरड्या वर्षांत आखडत गेला, लांडगे-अस्वलेही वाढली. २१ वर्षांत या एल्कची तगणारी पाडसे ७० टक्क्यांनी घटली. त्याच कळपातले स्थलांतर न करणारे एल्क खाली पाटपाण्याच्या शेतांत चरत राहिले आणि त्यांचे चांगले चालले. परवान्यांची अडचण इथे दिसते. माद्या कमी करायच्या त्या खासगी शेतांतल्या, पण सर्वसाधारण परवानाधारकाला तिथे पाऊल टाकता येत नाही. तो सार्वजनिक डोंगरात जातो आणि जे एल्क आधीच कमी होत आहेत त्यांच्यामागे लागतो. न्यू मेक्सिकोत जमीनमालकांना विकता येणारी परवानगीपत्रे देऊन यावर तोडगा काढला आहे. त्याने शेतातली शिकार शक्य झाली, पण पैसेवाल्याला सोडतीबाहेरचा रस्ताही मिळाला.

शिकार मुळीच नसली तर काय होते, याचे उदाहरण कॅलिफोर्नियाच्या पॉइंट रेज राष्ट्रीय सागरकिनाऱ्यावर आहे. तिथे १९७८ मध्ये ट्यूल एल्क या लहान चणीच्या उपजातीचे १० प्राणी टोमालेस पॉइंटच्या भूशिरावर सोडले. शेजारच्या गोठ्यांपासून त्यांना दूर ठेवण्यासाठी सुमारे १,०५० हेक्टरांना कुंपण घातले. २०१२ मध्ये तिथे ५४० एल्क होते, दुष्काळात २०१४ पर्यंत २८६ उरले. पुन्हा वाढून ते ४४५ झाले आणि २०२० च्या कोरड्या वर्षानंतर २९३ वर आले. लोकांचा संताप अनावर झाला. २०२१ मध्ये उद्यानाने पाण्याच्या टाक्या आणि खनिज-चाटण ठेवले. पण मेलेल्या एल्कच्या शवविच्छेदनात कारण निघाले होते निकस चारा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पुढच्या गणनेत कळप २२१ वर आला. डिसेंबर २०२४ मध्ये कुंपण काढण्याचा निर्णय झाला आणि कामही सुरू झाले.