स्वप्न : फलविचार आणि लेखनप्रेरणा

झोपेत मनापुढे उभी राहणारी दृश्ये, संवाद, हालचाली आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या भावना यांच्या अनुभवास स्वप्न म्हणतात. भारतीय परंपरेत त्याची चर्चा वैद्यकात रोगलक्षण म्हणून, शकुनशास्त्रात भावी फलाचे चिन्ह म्हणून आणि दर्शनांत जाणिवेची एक अवस्था म्हणून झाली. काव्याचा उगम म्हणून स्वप्नाचा विचार मात्र काव्यांतच विखुरलेला आहे. प्रस्तुत नोंदीचा भर त्यावर असून नागपूर–रामटेक परिसराशी जोडलेल्या पुराव्याला अधिक जागा दिली आहे. पहाटेचे स्वप्न खरे होते, स्वप्नात मरण दिसले की आयुष्य वाढते, लग्न दिसणे बरे नव्हे, हे समज सर्वपरिचित असल्याने त्यांची यादी दिलेली नाही.

फलविचार. दुःस्वप्नाचा परिहार करणारी सूक्ते अथर्ववेदात आहेत. त्याच्या परिशिष्टांत स्वप्नांवर स्वतंत्र अध्याय आहे, पण तो मूळ संहितेच्या बराच नंतरचा असावा. जगद्देवाचा ‘स्वप्नचिंतामणि’ हा या विषयावरचा स्वतंत्र ग्रंथ सामान्यतः बाराव्या शतकाच्या सुमारास ठेवला जातो. शुभ स्वप्ने व अशुभ स्वप्ने अशी त्याची सरळ विभागणी आहे. जैन परंपरेत तीर्थंकराच्या मातेला पडणारी स्वप्ने श्वेतांबर मताने १४ व दिगंबर मताने १६ आहेत.

या सर्वांत विचारदृष्ट्या महत्त्वाचे विवेचन चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, पाचव्या अध्यायात आढळते. तेथे स्वप्नाचे सात प्रकार सांगितले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक (भावी फल सुचवणारे) आणि दोषज (शरीरातील दोषांमुळे पडणारे). पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, मनात इच्छिलेले आणि कल्पनेने रचलेले अशी पहिली पाच स्वप्ने वैद्याने निष्फळ मानावीत, असे संहिता सांगते. दिवसा पडलेले, फार तोकडे वा फार लांबलेले स्वप्नही निष्फळच. रात्रीच्या पहिल्या भागातल्या स्वप्नाचे फळ अल्प. जे पाहिल्यावर माणूस पुन्हा झोपत नाही, ते महाफलदायी. वाईट स्वप्नानंतर चांगले पडले, तर चांगल्याचेच फळ धरावे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. फलज्योतिषी किंवा वैद्य ज्या पाच प्रकारांना बाजूला सारतो, ते पाचही लेखकाचे भांडवल आहेत. पाहिलेले, ऐकलेले, भोगलेले, हवेसे वाटलेले आणि रचलेले यांपलीकडे वाङ्मयाला दुसरी सामग्री नाही. स्वप्नाचा अर्थ लावणे आणि स्वप्नातून लिहिणे हे व्यवहार म्हणूनच आरंभापासून वेगळे पडतात. एकाला जे टाकाऊ, ते दुसऱ्याला मूळ द्रव्य.

दर्शनकारांपैकी वैशेषिक प्रशस्तपादाने स्वप्नाची तीन कारणे मानली : संस्कारांची तीव्रता, धातुदोष (शरीरातील बिघाड) आणि अदृष्ट (पूर्वकर्माचा न दिसणारा प्रभाव). ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्वप्नसृष्टीला ‘मायामात्र’ ठरवून लगेच ती सूचक असते असेही म्हटले आहे. लेखनाच्या दृष्टीने याहून मोलाचा उतारा बृहदारण्यक उपनिषदात (४.३) आहे. तेथे रथ नसतात, घोडे नसतात, वाटा नसतात. स्वप्न पाहणारा ते सगळे निर्माण करतो, कारण तो कर्ता आहे, असे याज्ञवल्क्य जनकाला सांगतो. स्वप्न पाहणाऱ्याला प्रेक्षक न म्हणता कर्ता म्हणणारे हे वचन काव्यशास्त्रात फारसे उद्धृत झालेले नाही. ते व्हावयास हवे होते.

रामगिरी आणि मेघदूतातील स्वप्ने. कालिदासाच्या ‘मेघदूता’त पत्नीपासून दुरावलेला यक्ष रामगिरीवरून मेघाबरोबर तिला निरोप धाडतो. नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किमी.वरील रामटेकची टेकडी म्हणजेच हा रामगिरी, हे मत विदर्भात रूढ आहे. त्याची शास्त्रशुद्ध मांडणी नागपूरचे संस्कृतज्ञ व पुराभिलेखविद वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) यांनी केली. टीकाकार मल्लिनाथ रामगिरी म्हणजे चित्रकूट असे सांगतो. परंतु चित्रकूट नर्मदेच्या उत्तरेस आहे आणि काव्यातील मेघाला तर उत्तरेकडे जाताना वाटेत आधी आम्रकूट, मग रेवा म्हणजे नर्मदा आणि त्यानंतर दशार्णातील विदिशा लागते. चित्रकूटाहून निघालेल्या मेघाला नर्मदा गाठण्यासाठी उलटे दक्षिणेस यावे लागेल. त्यामुळे हे मत टिकणे कठीण.

दुसरे मत छत्तीसगडमधील सरगुज्यातील रामगढ टेकडीचे आहे. आम्रकूट म्हणजे अमरकंटक असे धरल्यास तो रामगढच्या पश्चिमेकडे येतो आणि ‘किंचित् पश्चात्’ म्हणजे थोडे पश्चिमेकडे जा, या सूचनेशी ते जुळते. उलट रामटेकहून अमरकंटकाला जायचे तर वाट फार पूर्वेकडे वळते. रामटेकच्या बाजूने मांडलेल्या मतात ही अडचण खरी आहे. आम्रकूट अमरकंटकाऐवजी सातपुड्यातील एखाद्या जवळच्या डोंगराशी जुळवला, तरच ती दूर होते. मात्र अभिलेखाचा पुरावा रामटेककडे झुकतो. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या व वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूर ताम्रपट ‘रामगिरिस्वामी’च्या पायांपासून, म्हणजे त्या देवाच्या स्थानावरून, दिलेला आहे. म्हणजे पाचव्या शतकाच्या सुमारास रामगिरी या नावाचे, रामाच्या पादुकांशी जोडलेले तीर्थ वाकाटकांच्या प्रदेशात नक्की होते. टेकडीच्या उतारांवर रघुपतीची पावले उमटली आहेत, असे काव्यही म्हणते. कालिदासाचा काळ चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपास मानला, तर हा मेळ दुर्लक्षिण्याजोगा नाही. रामटेकला १९९७ मध्ये स्थापन झालेल्या संस्कृत विद्यापीठाला कालिदासाचेच नाव दिलेले आहे.

स्थाननिश्चितीच्या या वादात काव्यातील स्वप्नांकडे लक्ष कमी गेले. उत्तरमेघात, म्हणजे काव्याच्या दुसऱ्या भागात, स्वप्न चार वेळा येते आणि प्रत्येक वेळी त्याचे काम वेगळे आहे. स्वप्नात तरी भेट व्हावी म्हणून यक्षपत्नी झोप मागते, पण डोळ्यांतले पाणी झोपेला जागा देत नाही. ती झोपली असेलच, तर मेघाने एक प्रहर न गर्जता थांबावे, कारण कष्टाने स्वप्नात सापडलेल्या प्रियाच्या गळ्यातून तिचे हात सुटतील. यक्षालाही ती स्वप्नात दिसते. तिला मिठीत घ्यायला तो झोपेत मोकळ्या आकाशात हात पसरतो आणि ते पाहून वनदेवतांचे मोत्यांएवढे अश्रू झाडांच्या पालवीवर पडतात. चौथे स्वप्न जुने आहे. एकदा त्याच्या कुशीत झोपलेली असताना ती रडत जागी झाली आणि पुनःपुन्हा विचारल्यावर हसून म्हणाली, लबाडा, तू दुसरीबरोबर रमलेला मला दिसलास. निरोप खरा आहे हे पटावे म्हणून यक्ष मेघाजवळ हीच खूण देतो.

दोघांवाचून कोणालाही ठाऊक नसलेली गोष्ट म्हणून स्वप्नाचा पुरावा करणे, ही कविप्रतिभेची मोठी उडी आहे. चारही ठिकाणी ‘या स्वप्नाचे फळ काय’ असा प्रश्न कोणी विचारत नाही. फलविचार पूर्णपणे वगळून केवळ स्वप्नाची घडण वापरण्याचे इतके निर्मळ उदाहरण जुन्या संस्कृत काव्यात विरळच. उषेने स्वप्नात पाहिलेला अनिरुद्ध चित्रलेखेने काढलेल्या चित्रांवरून ओळखला जातो, ती कथाही कलेच्या अंगाने जाते. पण तिथे स्वप्न कथानक पुढे ढकलण्यापुरते आहे.

मराठी संतकाव्य : आज्ञा म्हणून स्वप्न. मराठीत स्वप्न आणि लेखन यांचा थेट संबंध सांगणारा सर्वांत स्पष्ट पुरावा तुकारामांच्या अभंगांत मिळतो. एका अभंगात पांडुरंगासह आलेले नामदेव त्यांना स्वप्नात जागे करतात आणि ‘सांगितलें काम करावें कवित्व’ अशी आज्ञा देतात. शतकोटी अभंगांपैकी उरलेले तुकारामांनी पुरे करावेत, असा हिशेबही तेथे आहे. दुसऱ्या अभंगात गंगास्नानाला जाताना वाटेत भेटलेले गुरू मस्तकावर हात ठेवतात, आपले नाव बाबाजी सांगतात आणि ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र देतात. ते जेवायला पावशेर तूप मागतात, पण तुकारामांना स्वप्नात त्याचा विसर पडतो.

या दोन स्वप्नांचा क्रम व काळ वादग्रस्त आहे. गुरूपदेशाच्या अभंगात माघ शुद्ध दशमी, गुरुवार एवढेच दिले आहे, शक नाही. तिथी आणि वार यांचा मेळ निरनिराळ्या वर्षी बसू शकत असल्याने अभ्यासकांनी वेगवेगळी वर्षे सुचवली. जन्मशकाबद्दलच एकमत नसल्याने प्रत्येकाची निवड त्याने धरलेल्या जन्मशकावर अवलंबून राहिली. अंतर्गत पुरावा अधिक विश्वसनीय वाटतो. आत्मचरित्रपर अभंगात दुष्काळाने द्रव्य आटले, एक पत्नी अन्न अन्न करीत मेली, पुढे देवळाचा जीर्णोद्धार, एकादशीचे कीर्तन, संतवचनांचे पाठांतर असा क्रम आहे. त्यानंतर स्वप्नातला गुरूपदेश आणि मग ‘यावरी या जाली कवित्वाची स्फूर्ति’. हा दुष्काळ १६३०–३२ चा मानला, तर स्वप्न त्यानंतरचे ठरते. गुरूपदेश आधी आणि नामदेवांची आज्ञा नंतर, अशी दोन स्वतंत्र स्वप्ने मानणे या क्रमाशी जुळते. स्वप्न ही केवळ सांप्रदायिक रूढी म्हणून आली, असेही मत आहे. परंतु तुपाचा विसर हा तपशील रूढीला कशासाठी लागेल? मोठ्या प्रसंगात मध्येच घुसणारी क्षुल्लक गोष्ट आणि ती राहून गेल्याची हळहळ, ही प्रत्यक्ष पडलेल्या स्वप्नाची लक्षणे आहेत.

या परंपरेत आज्ञेचा अर्थ लावत बसणे नाही. आज्ञा पाळणे म्हणजे लिहिणे. तुकारामांकडून स्वप्नातच उपदेश मिळाल्याचे संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मपर अभंगांत सांगितले आहे. स्त्रीला गुरूपर्यंत पोहोचण्याच्या वाटा अडलेल्या असताना स्वप्न हाच अधिकार ठरला, हे त्यांच्या बाबतीत विशेष. जात्यावरच्या ओव्यांतही माहेर, भाऊ आणि विठ्ठल स्वप्नात येतात.

दीक्षाभूमीनंतरचे वाचन. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर बुद्धाची आई महामाया हिच्या स्वप्नाची कथा येथील घराघरांत नव्याने पोहोचली. भारहूतच्या प्राचीन स्तूपावरील शिल्पात निजलेल्या राणीवर हत्ती उतरताना दिसतो. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात सुमेध नावाचा बोधिसत्त्व तिच्यापुढे येतो, आपला अखेरचा जन्म पृथ्वीवर घेण्याचे ठरवल्याचे सांगतो आणि तू माझी आई होशील का, असे विचारतो. ती आनंदाने होकार देते. शकुन सांगणारे आठ ब्राह्मण येथेही आहेत. पण स्वप्नाचा गाभा प्रश्न आणि संमती हा आहे, आणि तो अधिक माणुसकीचा आहे.

आधुनिक मते. मनोविश्लेषणाचा प्रवर्तक फ्रॉइड याचा स्वप्नांवरचा ग्रंथ १८९९ च्या अखेरीस निघाला. त्यावर वर्ष १९०० छापले होते. दडपलेल्या इच्छेची पूर्ती हा त्याचा सिद्धांत आज जसाच्या तसा मानला जात नाही. मात्र अनेक गोष्टी एका प्रतिमेत मिसळणे आणि भावनेचा भार भलत्याच वस्तूवर सरकणे, ही त्याने दाखवलेली दोन कार्ये लेखकांना उपयोगी पडली. १९५३ मध्ये शिकागो येथे ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची निद्रावस्था नोंदवली. निद्राचक्र सुमारे ९० मिनिटांचे असते आणि ही अवस्था पहाटेकडे लांबत जाते. पहाटेची स्वप्ने अधिक आठवण्याचे कारण हे असावे. १९७७ मध्ये हॉब्सन व मॅकार्ली यांनी मेंदूच्या अंतर्गत उद्दीपनाला मन कथेचे रूप देते असे मत मांडले.

पाश्चात्त्य उदाहरणांत इंग्रज कवी कोलरिज याची ‘कुब्ला खान’ ही कविता (प्रकाशन १८१६) नेहमी पुढे केली जाते. प्रस्तावनेत ती गाढ झोपेत सुचल्याचे म्हटले आहे. त्याच्या हस्तलिखितावरच्या टिपणात मात्र अफूमुळे आलेली एक प्रकारची तंद्री एवढेच आहे. टिपण अधिक ग्राह्य वाटते. नागपूरचे कवी ग्रेस (१९३७–२०१२) यांच्या कवितेत एक प्रतिमा दुसरीत कारण न देता विरघळते. ही स्वप्नाची रीत असली, तरी त्यांच्या ओळींची लय कसून घडवलेली आहे.

लेखनात वापर. स्वप्नाची आठवण जागे झाल्यावर काही मिनिटांतच विरते. म्हणून वही उशाशी ठेवावी, जाग येताच हालचाल न करता शेवटच्या दृश्यापासून मागे जावे आणि वर्तमानकाळात, तुटक वाक्यांत लिहावे. तारीख घालावी, कोलरिजसारखे दोन वृत्तांत पुढे जुळवायचे झाल्यास तीच उपयोगी पडते. अर्थ त्याच वेळी लिहू नये. अर्थ एकदा लिहिला की प्रतिमा त्याच्याभोवती आखडते आणि तुपासारखे तपशील गळतात. कथेसाठी स्वप्न जसेच्या तसे सहसा चालत नाही, कारण त्यात कारणपरंपरा नसते. एखादी जागा, एखादे वाक्य किंवा भावना उचलून बाकीचे जागेपणी रचावे लागते. ‘...आणि मग तो जागा झाला’ हा शेवट वाचकाचा विश्वास गमावतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात याला एक स्थानिक मर्यादा आहे. स्वप्नांच्या निद्रावस्थेत शरीराचे तापमान-नियंत्रण मंदावते आणि भोवताली उष्मा असल्यास ही अवस्था घटते. पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या मे महिन्यात कूलर बंद पडलेल्या रात्री स्वप्ने कमी आठवली, तर त्यात नवल नाही. स्वप्नांसाठी झोप मोडणे मात्र टाळावे. आघातानंतर तेच दुःस्वप्न वारंवार पडत असेल, तर जागेपणी त्याचा शेवट बदलून लिहिणे आणि त्याची मनात उजळणी करणे हा मान्य उपचार आहे. पण तो एकट्याने न करता नागपुरातील ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ या शासकीय रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात, जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावा.