झटका देता देता ऐकणं: मेंदूच्या ॲम्प्लिफायरची कुळकथा

फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणारी संस्था) मेडट्रॉनिक कंपनीच्या पर्सेप्ट यंत्रावर पार्किन्सनसाठी 'अडॅप्टिव्ह' डीबीएस वापरायला परवानगी दिली. डीबीएस म्हणजे मेंदूत खोलवर तार बसवून सतत बारीक विजेचे झटके देण्याचा उपचार. तो 'अडॅप्टिव्ह' म्हणजे मेंदूतल्या बीटा लहरी चढल्या की प्रवाह वाढवायचा आणि उतरल्या की कमी करायचा. कागदावर हे काम फ्रिजच्या थर्मोस्टॅटइतकं साधं आहे. खरी अडचण मोजण्यात आहे, कारण मोजायचं असतं त्याच तारेवरून आणि झटके चालू असतानाच.

आकडे समोर ठेवले की अडचण लक्षात येते. झटका दोन-तीन व्होल्टचा, साधारण ६० मायक्रोसेकंदांचा आणि सेकंदाला १३० वेळा. बीटा लहरी १३ ते ३० हर्ट्झच्या आणि त्यांची उंची काही मायक्रोव्होल्ट. दोन्हींत दहा लाखपटीचं अंतर. इंजिनिअर लोक याला १२० डेसिबल म्हणून मोकळे होतात, पण डेसिबलमध्ये बोललं की भीती निघून जाते.

कॉलेजात तीन ऑप-अँप (ॲम्प्लिफायरच्या तयार चिप) जोडून ईसीजीचा ॲम्प्लिफायर ब्रेडबोर्डवर उभा केला होता, तेव्हाचं एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. इलेक्ट्रोडच्या वायरला चुकून बोट लागलं की ऑसिलोस्कोपवरची रेघ उडी मारून पडद्याबाहेर जायची. बोट काढलं तरी लगेच परतायची नाही. वरच्या काठाला चिकटून राहायची आणि मग सावकाश उतरायची, तोवर हृदयाचे दोन-तीन ठोके गायब. आमचे सर म्हणायचे, "गेन कोणालाही काढता येतो रे, सावरायला किती वेळ लागतो ते सांग." (गेन म्हणजे सिग्नल किती पटींनी वाढतो ते.) या विषयाचा इतिहास मला त्या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

रेघ तशी अडकते कशामुळे? इलेक्ट्रोड आणि ऊतक जिथे भेटतात तिथे आपोआप काही मिलिव्होल्ट ते दहा-वीस मिलिव्होल्टचा स्थिर दाब तयार होतो. तो अडवायला सुरुवातीलाच कपॅसिटर लावावा लागतो. १ हर्ट्झच्या खालचं सगळं अडवायचं ठरवलं तर त्या सर्किटचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे सावरायला लागणाऱ्या वेळेचं माप, १६० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. मोठा झटका शिरला, ॲम्प्लिफायर छताला भिडला आणि कपॅसिटर भलताच चार्ज होऊन बसला की उतरायला तेवढा वेळ लागणार. डीबीएसचा पुढचा झटका मात्र ७.७ मिलिसेकंदांत येतो. म्हणजे सावरायला वेळच नाही.

मेंदूला झटका देणं आणि मेंदूचं ऐकणं या दोन गोष्टी सुरुवातीला वेगवेगळ्या घरांत वाढल्या. १८७०मध्ये बर्लिनमध्ये फ्रिच आणि हित्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा प्रवाह सोडून पाय हलवून दाखवला. पाच वर्षांनी लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी ससे आणि माकडांच्या उघड्या मेंदूवरून क्षीण प्रवाह टिपले. त्यांच्याकडे ॲम्प्लिफायर नव्हता, आरशाचा गॅल्व्हानोमीटर होता. समुद्राखालच्या तारायंत्रासाठी थॉमसन यांनी घडवलेलं ते उपकरण मेंदूचा प्रवाह भिंतीवरच्या प्रकाशाच्या ठिपक्यात दाखवायचं. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली, तीही गॅल्व्हानोमीटरवरच. ती छापली गेली १९२९मध्ये.

व्हॉल्व्ह (सिग्नल वाढवणाऱ्या निर्वात नळ्या) आले आणि चित्र पालटलं. १९२१मध्ये सेंट लुईसला गॅसर आणि न्यूकमर यांनी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चेतातंतूला जोडला. पुढे गॅसर आणि अर्लँगर यांनी त्याला कॅथोड-रे नळी जोडून चेतातंतूंतल्या संदेशांचे वेग मोजले आणि त्यावर त्यांना १९४४चं नोबेल मिळालं. या प्रयोगांत झटका आणि नोंद एकाच पडद्यावर यायची. झटक्याची उभी रेघ आधी, थोड्या अंतराने तंतूचा प्रतिसाद. ती रेघ तेव्हा कोणाच्या डोळ्यांत सलत नव्हती. उलट वेळ तिथूनच मोजायचा, म्हणून ती हवीच असायची. आज ज्याला नाक मुरडून 'आर्टिफॅक्ट' म्हणतात ती गोष्ट तेव्हा घड्याळाचं काम करत होती. एक झटका, एक प्रतिसाद आणि मध्ये भरपूर सवड असेल तर भांडण उरतच नाही.

तीसच्या दशकात भांडण होतं ते मेन्सशी, म्हणजे भिंतीतल्या विजेशी. ५० हर्ट्झची भुणभुण सगळ्यात मोठी वैरी. केंब्रिजमध्ये ब्रायन मॅथ्यूज यांनी १९३४मध्ये दोन टोकांमधला फक्त फरक वाढवणारा ॲम्प्लिफायर मांडला, आणि त्याच वर्षी एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी बर्गर यांच्या लहरी खऱ्या असल्याचं दाखवून दिलं. (त्याच लेखात त्यांनी पाणभुंग्याच्या दृष्टिचेतांमधली लयही तुलनेला घेतली. बर्गर यांना ते कितपत रुचलं असेल कोण जाणे.) पुढच्या चार वर्षांत डिफरन्शियल जोडीचं आज ओळखीचं असलेलं रूप तीन वेगळ्या जागी उभं राहिलं. लंडनमध्ये ॲलन ब्लमलाइन यांनी दूरचित्रवाणीच्या लांब तारांसाठी १९३६मध्ये पेटंट अर्ज केला, जर्मनीचे ट्यॉनीज आणि अमेरिकेचे ऑटो श्मिट यांनी तीच रचना जीवशास्त्रासाठी केली. दोन्ही तारांवर सारखं येईल ते टाकून द्यायचं आणि वेगळं येईल तेवढं वाढवायचं, ही युक्ती भुणभुणीसाठी निघाली. सत्तर-ऐंशी वर्षांनी झटक्यांच्या विरोधात तीच पुन्हा उपयोगी पडली.

झटका नकोसा झाला तो उत्तर लवकर हवं झालं तेव्हा. त्यावर सत्तरच्या दशकात रुळलेला उपाय म्हणजे कान झाकून घेणं. झटका येण्याच्या क्षणी इनपुट तोडायचं, आउटपुटला शेवटचं मूल्य धरून ठेवायचं आणि झटका सरला की पुन्हा जोडायचं. याला 'सॅम्पल-अँड-होल्ड' म्हणतात. हेलसिंकीत १९९९मध्ये याच तत्त्वावर साठ वाहिन्यांचा ईईजी (डोक्यावरून मेंदूच्या लहरी टिपण्याचा) ॲम्प्लिफायर झाला. डोक्यावर चुंबकीय झटका देऊन काही मिलिसेकंदांत मेंदूचा प्रतिसाद पाहायचा तर त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. एपिलेप्सीसाठी २०१३मध्ये परवानगी मिळालेल्या न्यूरोपेसच्या यंत्रातही असंच भागतं: आधी ऐका, झटक्यांची छोटी फैर झाडा, तेवढा वेळ नोंद बंद ठेवा, मग पुन्हा ऐका.

डीबीएसमध्ये हे जमत नाही. ग्रेनोबलला बेनाबिद यांनी १९८७मध्ये सतत उच्च वारंवारतेचे झटके देऊन कंप थांबवला, आणि त्या 'सतत'नेच पुढच्या सर्किटवाल्यांची झोप उडवली. कान झाकायचा म्हटलं तर सेकंदाला १३० वेळा झाकावा लागेल, आणि प्रत्येक उघडझाप स्वतःचा एक टिचका सोडते.

त्यामुळे इथे तीन धागे एकत्र आले. पहिला धागा जागेचा. डीबीएसच्या नेहमीच्या तारेला टोकाशी चार धातूच्या कड्या असतात, प्रत्येकी दीड मिलिमीटर उंचीच्या. मधल्या कडीतून झटका द्यायचा, छातीतल्या यंत्राचं कवच परतीचा मार्ग, आणि तिच्या वरच्या-खालच्या कड्यांमधला फरक मोजायचा. झटका दोघींपर्यंत जवळपास सारखा पोचतो म्हणून कटतो. यात सगळं काही 'जवळपास' या शब्दावर लटकलेलं आहे. दोन कड्यांचा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) थोडा जरी वेगळा असला, एकीवर ऊतक जरा जास्त चढलं, तरी सारख्यातला काही भाग 'फरक' म्हणून आत शिरतो, आणि तो काही भाग मायक्रोव्होल्टपुढे डोंगर असतो. मिलानमधल्या गटाने २००७मध्ये डीबीएस चालू असताना माणसाच्या मेंदूतली नोंद घेणारं उपकरण दाखवलं, तेही दोन बाजूंतला फरक आणि कडक फिल्टर यांच्या जोरावर. ऑक्सफर्डच्या गटाने २०१३मध्ये आठ रुग्णांवर बीटा पाहून झटके चालू-बंद केले. झटक्यांचा एकूण वेळ निम्म्याहून कमी झाला आणि हालचाली सततच्या उपचारापेक्षा अधिक सुधारल्या. यंत्र तेव्हा शरीराबाहेर होतं.

शरीरात न्यायचं तर बॅटरी आडवी येते, आणि हा दुसरा धागा. युटा विद्यापीठात रीड हॅरिसन यांनी २००३मध्ये दाखवलेला चिपवरचा ॲम्प्लिफायर ८० मायक्रोवॅटमध्ये चालायचा आणि त्याचा स्वतःचा नॉइज (सर्किटची आपली खरखर) २.२ मायक्रोव्होल्ट होता. पुढची कित्येक वर्षं प्रत्येक नवा निबंध स्वतःची तुलना त्याच्याशी करायचा. त्यातली गंमत म्हणजे ट्रान्झिस्टरच उलटे जोडून केलेला प्रचंड मोठा 'रेझिस्टर', ज्यामुळे ०.०२५ हर्ट्झपर्यंत खाली ऐकू यायचं. पण इतकं खाली ऐकणारा कान बधिर झाला की सेकंदानुसेकंद बधिर राहतो. सरांचा प्रश्न परत आला. हॅरिसन यांनीच पुढे काढलेल्या इंटान कंपनीच्या झटका-आणि-नोंद चिपमध्ये उत्तर सरळ दिलेलं आहे: झटक्यानंतर क्षणभर ऐकण्याच्या वारंवारतेची खालची सीमा एकदम वर न्यायची, रेघ पटकन जमिनीवर आणायची आणि मग सीमा पूर्ववत करायची. त्याच चिपमध्ये नाजूक ॲम्प्लिफायरशेजारी कमी गेनचा दुसरा ठेवलेला आहे, झटक्याच्या वेळी इलेक्ट्रोडवर नक्की काय होतंय ते पाहायला.

मेडट्रॉनिकमध्ये टिम डेनिसन यांच्या चमूने २००७मध्ये चॉपर पद्धतीचा ॲम्प्लिफायर मांडला. ट्रान्झिस्टरचा नॉइज नेमका खालच्या वारंवारतेला वाढतो, जिथे बीटा लहरी असतात. म्हणून सिग्नल आधी वरच्या वारंवारतेवर उचलायचा, तिथे वाढवायचा आणि परत खाली आणायचा. खर्च २ मायक्रोवॅट. पर्सेप्टपर्यंत येणाऱ्या यंत्रांची वाट इथून निघते, आणि माझ्या मते या सबंध कथेतला हा सर्वांत निर्णायक वळसा आहे. शरीरात बसून वर्षानुवर्षं ऐकायचं तर खर्च असा बॅटरीला परवडणारा हवा.

तिसरा धागा अलीकडचा आणि आधीच्या सगळ्यांशी उलटा: झटक्याला अडवूच नका, गिळा. कमी गेन ठेवायचा, इनपुटची झेप मोठी ठेवायची, सगळं जसंच्या तसं आकड्यांत उतरवायचं आणि वजाबाकी नंतर गणिताने करायची. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये २०१७ला ±५० मिलिव्होल्ट सरळ झेलणारं सर्किट आलं. बर्कलीच्या गटाने २०१९मध्ये १२८ वाहिन्यांच्या बिनतारी यंत्रात झटक्यापुरते एक-दोन नमुने टाकून जागा रेघेने भरून काढली. ॲम्प्लिफायर छताला भिडलाच नाही, तर सावरण्याचा प्रश्नच येत नाही.

गणित मात्र स्वतःच्या खोड्या आणतं. सेकंदाला २५० नमुने घेतले आणि १३० हर्ट्झच्या झटक्यांची दुप्पट, म्हणजे २६० हर्ट्झ, आधी नीट गाळली नाही, तर ती १० हर्ट्झवर दुमडून येते. बीटाच्या अगदी दारात. झटक्यांचा वेग १२५ केला की तीच दुप्पट शून्यावर जाऊन बसते. औषधाच्या मात्रेसारखा वाटणारा आकडा असा सर्किटच्या सोयीने हलतो.

आणि हृदय राहिलंच. झटके देण्याच्या स्थितीत यंत्राचं कवच सर्किटचा भाग होतं, ते कवच छातीत असतं, आणि ईसीजी मेंदूच्या सिग्नलपेक्षा शेकडो पटींनी मोठा असतो. यंत्र डाव्या बाजूला बसवलं असेल तर मेंदूच्या नोंदीत ठोके अधिक दिसतात, उजव्या बाजूला कमी. म्हणून नोंद घ्यायचीच असेल तर यंत्र छातीच्या कोणत्या बाजूला बसवायचं, हेही आता शस्त्रक्रियेआधी विचारात घेतलं जातं.